पारोशी आत्या

॥ श्री ॥
कोपरखैरणे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सुनयनावन्सं हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (तुझ्याहून मोठी असल्याचा हा एकच फायदा मला मिळतो, तो मी सोडणार नाही.)

शाळेत इतकी वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायन्याचा गुण कापला, पण स्वतः कुणाला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. ती आणलीस तू. तळोजा इथून रिक्षानं पाऊण तास, आणि तू तिथल्या एका शेडमध्ये अशी बसली आहेस की फोन नाही, भेट नाही. दर रविवारी किराण्याच्या खोक्याबरोबर एक पत्र आत आणि एक बाहेर. तुझ्या नमितामॅडमनी गेटवर मला समजावलं की यानातल्या माणसाला घर जेवढं लांब, तेवढं तुम्हा चौघांना लांब वाटलं पाहिजे, तरच चाचणी खरी. मी मान डोलावली आणि परत येताना रिक्षात रडले. हे दिवसच तसे आहेत म्हणा, मला भाजी महाग झाली तरी रडू येतं.

आता घरची गंमत. आप्पांनी कांदा-बटाटा मार्केटातल्या जुन्या मंडळींना पेढे वाटले. लेक अंतराळाचं काम करते एवढंच ते म्हणाले म्हणे. पण मंडळाच्या पोरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला आहे. तुझा पदवीचा काळा झगा घातलेला फोटो, बाजूला रॉकेट आणि खाली 'आपल्या विभागाची सुकन्या अंतराळात रवाना, हार्दिक अभिनंदन'. तुझ्या दादानं आप्पांना सांगून पाहिलं की ती तळोज्यात कपडे धुते आहे. आप्पा म्हणाले, रॉकेट पण जमिनीवरनंच उडतं. दूधवाला मला रोज विचारतो, ताईंना वरून आपली बिल्डिंग दिसते का.

तिथे अंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, हे दादाच्या तोंडून निसटलं आणि आईंनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून तुझं घरातलं नाव पारोशी. सकाळी देवाला दिवा लावताना सगळ्यांची नावं घेतात, त्यात 'आणि आमच्या पारोशीला सांभाळ' असं चक्क म्हणतात.

मला आता माझे पाय दिसत नाहीत. आई जुनं सुती काहीबाही गोळा करताहेत, आप्पांची धोतरं, त्यांची स्वतःची विरलेली पातळं. बारशापर्यंत बाळाला नवा कपडा घालायचा नाही, हे तुमच्या साताऱ्याकडेही आहे आणि आमच्या खाडीकाठीही. दोन्ही घरांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. माझ्या आईनं दिवाळे गावाहून निरोप धाडलाय, बारशापत्तूर पोराला नवं कपरं घालाचं नाय. तेव्हा जुन्या धोतराची झबली होणार. त्यावरून सहज विचारते, तुझ्या त्या पिशवीत धुतलेलं झबलं आमच्या बाळाला घालू का?

कळव. आशीर्वाद आहेतच, ते पारोशीलाही लागू पडतात.
तुझी,
सुचितावहिनी


तळोजा (पण आप्पांना सांग, कक्षेत),
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सुचितावहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र चौघांनी मिळून वाचलं, माफ कर. इथे करमणूक कमी आहे. फ्लेक्सपाशी आल्यावर आकाशला एवढा ठसका लागला की जागृतीनं त्याच्या पाठीत गुद्दे घातले. कुंदन तेव्हापासून मला 'सुकन्या' म्हणतो. माझा तो झग्यातला फोटो कुणी दिला? दादालाच विचार, आणि माझ्या वतीनं चिमटा काढ.

दूधवाल्याला सांग की इथून फक्त पत्रा दिसतो. पण तू विचारशील म्हणून काम समजावून सांगते. आज वर गेलेले लोक कपडे धुतच नाहीत. एकच सदरा वास येईस्तोवर घालायचा आणि मग टाकून द्यायचा. जवळच्या फेरीला हे चालतं, पण वर्षानुवर्षांच्या प्रवासाला कपड्यांचे गठ्ठे कुठून न्यायचे? पाणीही तोलून मापून नेलेलं असतं. शिवाय तिथे ते खाली पडत नाही. गोळे होऊन तरंगतं, अंगाला चिकटतं. म्हणजे बादली नाही, धार नाही, निथळणं नाही.

म्हणून आमची पिशवी, दळण न्यायच्या पिशवीएवढी. आत सदरा, दोन पेले पाणी आणि आमचा स्वतःचा साबण. पिशवी आपोआप दाबते आणि सोडते, जणू हातानं चुबकते आहे. मग आतली हवा ओढून घेतली की पाण्याची वाफ होते. ती गोळा केली की पुन्हा तेच दोन पेले पाणी पुढच्या धुण्याला. सदरा कोरडा बाहेर. डोळे बांधून, नाक लावून धुतलेला कुठला आणि न धुतलेला कुठला हे ओळखायचा खेळ आम्ही रोज खेळतो. कुंदनच्या मोज्यांनीसुद्धा परीक्षा पास केली. हे मोठं यश आहे, तू कुंदनचे मोजे अनुभवलेले नाहीस.

चाचणी चौदा डिसेंबरला संपेल आणि तुझी तारीख त्यानंतरची. मी वेळेवर हजर असेन. नाव ठरवलंय, मुलाचं एक, मुलीचं एक. आत्याचा मान आहे तो, आधी कुणाला सांगणार नाही. तू कितीही लाडीगोडी लावलीस तरी.

माझी तब्येत छान. मान जराशी हुळहुळते, इथली हवा कोरडी असेल. तू पाय वर करून बसत जा, आणि दादाला पोळ्या करायला लाव, त्याला येतात. तो खोटं सांगतो.

लोभ असावा, अंघोळीची अट न घालता.
तुझी,
सुनयना


॥ श्री ॥
कोपरखैरणे,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. सुनयनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र लाल पेन घेऊन तपासलं. अक्षर चांगलं, मायना बरोबर, विनोद ठीक. एक प्रश्न मात्र पूर्ण सोडून दिला आहेस, त्याला शून्य. पिशवीत धुतलेलं झबलं बाळाला घालू का, असं मी विचारलं होतं. मी ते गमतीनं लिहिलं होतं खरं. पण तू दूधवाल्याला उत्तर दिलंस, आकाशच्या ठसक्याचं वर्णन केलंस, मोज्यांवर चार ओळी खर्च केल्यास, आणि नेमकं हेच गाळलंस. पेपर तपासून तपासून मला एवढं कळतं की पोरं विसरलेला प्रश्न मध्येच सोडतात, आणि न येणारा प्रश्न फार सफाईनं टाळतात.

आणि मान कशानं हुळहुळते गं? तुला कधी हवेचं काही होत नाही. तू मार्केटात, लाल मिरचीच्या पोत्यांवर अभ्यास केलेली पोर.

घरी सगळं सुरळीत. आईंनी धोतराची झबली शिवून ठेवली, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचायला नको. तुमच्या चुलत बहिणीचे, अक्षताचे, कोरेगावहून दोनदा फोन येऊन गेले. सुनयना आत अडकली तर आत्या म्हणून मी आहे, असं तिचं म्हणणं. तिनं नावसुद्धा काढून ठेवलंय. ते इतकं लांब आहे की शाळेत हजेरी घेताना बाईंचा तास संपेल. तेव्हा कृपा करून वेळेवर ये.

आप्पा रोज संध्याकाळी फ्लेक्सपर्यंत फिरायला जातात आणि उगाच चष्मा पुसत उभे राहतात. काल म्हणाले, आयुष्यभर मी पाठीवर दुसऱ्याचा माल वाहिला, माझ्या पोरीनं नवा मालच काढला. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, पण त्याचं ओझं घेऊ नकोस.

मोठं पत्र नको. घालू का, हो की नाही, एवढंच लिही.
माया आहे म्हणून दरडावते, हे तुला कळतंच.
तुझी,
वहिनी


तळोजा,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नाही. घालू नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि हा एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. मानेवर, काखेत आणि कंबरेला, जिथे जिथे सदऱ्याची दुहेरी शिवण लागते तिथे, मला लाल चट्टे उठले आहेत. सुरुवातीला घाम वाटला, मग हवा वाटली. खरं सांगायचं तर मला ते वाटून घ्यायचं होतं. रोज सकाळी बाहेरून विचारतात, कपडा अंगाला कसा आहे? मी रोज सांगत होते, छान. वासाचे, जंतूंचे सगळे आकडे उत्तम येत होते. दुसरी एक बडी कंपनी हेच काम मिळवायला टपलेली आहे आणि आमची ही एवढीशी. थोड्याशा खाजेपायी एवढं सगळं बुडवायचं का, असं मी स्वतःला समजावत होते.

पण तुझ्या बाळाच्या मानेला तो कपडा लावायचा, असं नुसतं मनात आणलं आणि माझा हात मागे आला. मग जो माणूस तिकडे वर, डॉक्टरपासून, आईपासून इतका लांब असेल, त्याच्या मानेला मी तो कसा लावू?

मंगळवारी जेवताना मी सगळ्यांसमोर कॉलर खाली केली. मग जागृतीनं बाही वर केली. आकाशनं कंबर दाखवली. कुंदननं मोजे काढले. चौघांनाही होतं, वहिनी! प्रत्येकाला वाटत होतं की हे आपलं एकट्याचंच आहे, आणि आपल्यामुळे सगळ्यांचं काम अडायला नको. आम्ही हसलो आणि मग एकमेकांचे चट्टे मोजायला बसलो.

दोन पेल्यांत साबण मळ काढतो, पण साबणाला काढायला पाणी उरत नाही. तो शिवणीत बसून राहतो. नमितामॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. काम देणाऱ्यांनी एक संधी दिली आहे. साबण आणि पद्धत बदलून चाचणी पहिल्यापासून, आणि तीच चार माणसं हवीत. ती जानेवारीअखेर संपेल.

म्हणजे मी येऊ शकत नाही. तुझ्या बाळंतपणालाही नाही आणि बारशालाही नाही. कानात कुर्र करायचा मान अक्षताला दे. नाव तिचंच ठेवा, लांब तर लांब. मी खूप रडले, लपवत नाही. आप्पांना तूच सांग, माझ्यानं लिहवत नाही. फ्लेक्स उतरवायला सांग.

तुझा लोभ आता मागायचीही लाज वाटते, तरी असू दे.
तुझी,
सुनयना


॥ श्री ॥
कोपरखैरणे,
रविवार, २८ डिसेंबर २०२५

चि. सुनयनाआत्या हिस,
आईकडून आशीर्वाद, आणि एका नव्या माणसाकडून पहिला नमस्कार.

मुलगी झाली! सोमवारी पहाटे. दोघी सुखरूप. नाक तुमच्या घरचं, रडण्याचा आवाज आमच्या गावचा, भर वाऱ्यात खाडीच्या पलीकडे पोचेल असा. दादा तिला हातात घ्यायला इतका घाबरला की नर्सनं त्यालाच खुर्चीवर बसवून पाणी पाजलं. निरोप त्याच दिवशी गेटवर दिला होता, पण नियम म्हणजे नियम, तुला हे आज रविवारीच कळत असणार. त्या गेटवाल्यांचा मला फार राग आहे.

मागचे दोन रविवार पत्र नव्हतं, कारण मला बसवत नव्हतं. दादानं दोन ओळी खरडून पाठवल्या, त्यात 'सर्व ठीक' तीनदा होतं. आता सविस्तर सांगते.

आप्पांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते उठले, टोपी घातली आणि नाक्यावर गेले. मला वाटलं फ्लेक्स फाडतात की काय. पाठोपाठ दादाला पाठवलं. तर तिथे नेमका कुणीतरी त्यांना विचारत होता की लेक परत कधी येणार. आप्पा म्हणाले, साबण राहिलाय अजून, नीट खळबळून झालं की येईल. विचारणाऱ्याला काही कळलं नाही, पण आप्पा हसत घरी आले. रात्री जेवताना म्हणाले, पोत्यातला एक कांदा सडका निघाला तर तो झाकणारे व्यापारी पुष्कळ पाहिले, पोत्याचं तोंड स्वतः उघडणारी आपल्या घरात निघाली. असं म्हणून त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि डोळे पुसले. तेव्हा ओझं उतरव आता.

फ्लेक्स मात्र खरंच उतरवला, आणि आमच्या बाल्कनीत बांधला. दुपट्यांवर कबुतरं घाण करत होती. आता पोरीच्या दुपट्यांची राखण झग्यातली आत्या करते. कबुतरं तुझ्या फोटोला भ्यायली आहेत, हे सत्य आहे, राग मानू नकोस.

आता बारसं. मी आईंना सांगितलं की आत्या येईपर्यंत बारसं नाही. त्या कडाडल्याच. बाराव्या दिवशी नाही म्हणजे काय, लोक काय म्हणतील, अक्षताची साडीसुद्धा घेऊन झाली. मी म्हटलं, जिनं माझ्या न जन्मलेल्या लेकीसाठी एवढं मोठं काम थांबवलं, तिच्याखेरीज माझ्या लेकीच्या कानाशी कुणी तोंड न्यायचं नाही. आई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. शेकाची शेगडी मात्र वेळच्या वेळी आणून देत होत्या.

तर पोरगी बिननावाची आहे. हॉस्पिटलच्या कागदावर 'बेबी ऑफ सुचिता', आप्पांच्या तोंडी 'बाळी'. आणि बारसं नाही म्हणजे नवा कपडा नाही. आलेले झालर लावलेले फ्रॉक सगळे कपाटात पडून. थंडीत दुपटी वाळत नाहीत, धोतरं संपत आली. दादाचे जुने सदरे आता भीतीनं लपून बसतात.

तू खा-पी आणि मान सांभाळ. आम्ही थांबलो आहोत.
लोभ मागायचा नसतो, घरातून तो न मागता मिळतो, एवढं ध्यानात ठेव.
तुझी,
वहिनी


तळोजा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र मी उशीखाली ठेवते. त्याला सुंठीचा वास येतो. आमच्या पिशवीत पडलं तर वास जाईल, म्हणून त्याला मी पिशवीच्या आसपासही जाऊ देत नाही. मधल्या चिठ्ठ्यांमध्ये मी नुसतं काम चालू आहे एवढंच लिहीत होते, कारण खात्री नव्हती.

आता आहे. साबण चौथाई केला. पहिल्या दाबानंतर पाणी ओढून, गाळून, तेच पाणी पुन्हा आत सोडतो, नुसतं खळबळायला. असं दोनदा. वेळ वाढला, पण वाढू दे, तिथे कुणाला कुठे जायची घाई आहे! सदऱ्यांची दुहेरी शिवण काढून एकेरी केली, तीही बाहेरच्या बाजूला. हो, तुझ्या पत्रातली झबली डोळ्यासमोर होती. चौघांचीही कातडी स्वच्छ आहे. आता सकाळी 'कसं आहे' विचारलं की आधी एकमेकांच्या माना बघतो आणि मगच बोलतो. अजून दोन आठवडे आहेत आणि निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. काम दुसऱ्यांकडेही जाऊ शकतं. पण आता मला झोप लागते.

परतीच्या रिकाम्या खोक्यात खाली कागदात गुंडाळलेलं एक पुडकं आहे. माझा चाचणीतला सदरा होता, घालून आणि धुवून इतका मऊ झाला आहे की आपल्या आईचं पातळ आठवावं. नमितामॅडमची परवानगी काढली. सुई-दोरा इथे होता, हात माझे, त्यामुळे एक बाही दुसरीहून तोकडी आहे. बंद लावलेत. शिवल्यावर पुन्हा पिशवीत धुतलं. नळाचं पाणी त्याला लागलेलं नाही.

तू विचारलं होतंस ना?
हो. घाल.

अजून अंघोळ न केलेल्या आत्याचा तिला पापा.
तुझी,
सुनयना


॥ श्री ॥
कोपरखैरणे,
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. सुनयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुडकं आईंनीच उघडलं. मी हात पुढे केला तर त्यांनी दिलं नाही. उलटंपालटं करून पाहिलं, नाकाला लावलं, बाह्या मोजल्या आणि म्हणाल्या, शिवण शिकवली होती मी हिला, कुठे गेली कुणास ठाऊक. मग तसंच घडी करून पदरात घेतलं आणि निघून गेल्या. मला वाटलं, आता हे कपाटात फ्रॉकांच्या खाली जाणार. नळाखाली न धुतलेला कपडा त्या देवघराच्या उंबऱ्यालाही लावू देत नाहीत, नातीला कुठला लावू देतात!

रात्री पोरीला पाजायला उठले तर आई झोपलेल्या, आणि तुझं झबलं त्यांच्या गळ्याभोवती, बंदांची गाठ मारून. दुसऱ्या रात्री ते आप्पांच्या मानेला होतं. त्यांच्या उभ्या जन्मात पोत्यांनी घासून जाड झालेल्या मानेला काय कळणार, असं आईंनी त्यांना ऐकवलं, आणि तिसऱ्या रात्री ते दादाला बांधलं, कारण त्याची कातडी लहानपणापासून नाजूक. दादा कुरकुरला, पण झोपला. रोज सकाळी आई चष्मा लावून एकेकाची मान खिडकीशी नेऊन बघत होत्या. चौथ्या रात्री माझी पाळी.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझी मान पाहिली, मग पोरीला शेक दिला, पुसलं, आणि तुझं झबलं स्वतःच्या हातानं घातलं. तोकडी बाही डाव्या हातात गेली. पोरीनं आळस दिला, एक शिंक दिली, आणि पाच मिनिटांत ते खालपासून वरपर्यंत भिजवलं. तेव्हा त्याला आता नळाचं पाणी लागलं आहे, तुझ्या शास्त्राचा नाइलाज झाला. पण वाळताच आईंनी तेच पुन्हा मागितलं. बाकीचं जुनं आता नको म्हणतात, टोचतं म्हणे.

तुझा निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि काय लागायचा तो लागेल. इकडचा लागला. आज सकाळी आईंनी बाळीची हनुवटी वर करून मान पाहिली, काखा पाहिल्या, आणि कुठेही काही लाल नाही असं सगळ्या घराला ओरडून सांगितलं. मग देवापाशी गेल्या. दिवा लावून नेहमीसारखी सगळ्यांची नावं घेतली. तुझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. पारोशी म्हणाल्या नाहीत. सुनयना म्हणाल्या.

बारसं आठ फेब्रुवारीला, रविवारी. अक्षताही येते आहे, गुद्दे घालायला, तेही रागाचे. घरी आलीस की आधी अंघोळ कर, बंब तापलेला असेल. मग पोरीच्या कानाशी ये. तिला अजून कुणी नावानं हाक मारलेली नाही.

वाट बघते,
वहिनी